पुढे सम्राट, मागे गाव: रोमन प्रांतिक नाणं कसं वाचायचं

असं नाणं पहिल्यांदा वाचायला बसलो तेव्हा वहीत मी एवढंच लिहू शकलो होतो: ‘सी, एम, वाय, पी. अर्थ लागत नाही.’ दोन संध्याकाळी लॅटिन शब्दकोश चाळण्यात गेल्या. मग लक्षात आलं की ही अक्षरं लॅटिन नाहीतच, ग्रीक आहेत. ‘सी’ म्हणजे स, ‘पी’ म्हणजे र, आणि शब्द होता स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमिर. साम्राज्य रोमन, चेहरा रोमन सम्राटाचा, पण लिपी ग्रीक आणि नाव एका बंदरी शहराचं. त्या दिवसापासून या नाण्यांनी जी मानगूट धरली, ती अजून सोडलेली नाही.

रोमन नाणं म्हटलं की आपल्याला आठवतात ती सोन्या-चांदीची, रोमच्या मध्यवर्ती टांकसाळींतली. भारतात सापडतात ती मुख्यतः तीच. पण साम्राज्यातल्या माणसांच्या रोजच्या हातात, भाजीला, हमामाला, नावेच्या भाड्याला जे तांब्या-काशाचं नाणं फिरायचं, ते पूर्वेकडे बहुधा गावचंच असे. इ. स. पूर्व ४४ च्या सुमारापासून इ. स. च्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाचशेहून अधिक शहरांनी अशी नाणी पाडली. यांनाच प्रांतिक नाणी म्हणतात. स्पेन, गॉल (म्हणजे साधारण आजचा फ्रान्स) आणि आफ्रिकेतली शहरं इ. स. ४० च्या दशकापर्यंत थांबली. ग्रीक बोलणारी पूर्व मात्र पुढे दोनशे वर्षांहून जास्त काळ पाडत राहिली.

वाचायला बसण्याआधी एक गोष्ट मनात धरा. नाण्याची पुढची बाजू रोमकडे तोंड करून असते आणि मागची शेजारच्या गावाकडे. मागची बाजू सम्राटाला खूश करण्यासाठीच असते असं समजून वाचायला गेलात, तर निम्मा मजकूर हातून निसटतो.

पायरी पहिली: आधी चकती, मग चेहरा

नाणं हातात असेल तर ते घासू नका. चिंच-मीठ, लिंबू, रांगोळी, देवघरातली समई लखलखवण्याचे सगळे उपाय इथे वर्ज्य. वरचा हिरवा-तपकिरी थर हीच त्याची कातडी आहे, ती गेली की अक्षरंही जातात. फक्त फिकट हिरवी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी सुटत असेल तर सावध व्हा. तो धातूला लागलेला रोग आहे. असं नाणं वेगळं काढून कोरड्या डबीत ठेवायचं आणि जाणकाराला दाखवायचं.

मग तीन आकडे लिहून घ्या: वजन, व्यास आणि ठशांची दिशा. वजनासाठी सोनाराकडचा छोटा काटा पुरतो. दिशा अशी मोजायची: चेहरा सरळ समोर ठेवून नाणं वर आणि खाली अशा दोन टोकांना चिमटीत धरा आणि डावीकडून उजवीकडे उलटं करा. मागचं चित्र सरळ दिसलं तर ‘१२ वाजता’, उलटं दिसलं तर ‘६ वाजता’. अनेक टांकसाळींची सवय ठरलेली असते, त्यामुळे हा आकडा पुढे कामाला येतो.

नवखा माणूस हमखास घाबरतो ते मध्यभागी असलेल्या खड्ड्याला. टाचणीच्या डोक्याएवढा खळगा, कधी दोन्ही बाजूंना. कुणी भोक पाडायला गेलं होतं असं वाटतं. तसं नसतं. चकती तयार करतानाच्या प्रक्रियेची ती खूण असते आणि प्रांतिक काशाच्या नाण्यांवर ती सर्रास दिसते. वजनाचंही तसंच. एकाच गावाच्या, एकाच छापाच्या दोन नाण्यांत तीन-चार ग्रॅमचा फरक सहज निघतो. काशाचं नाणं मोजून घेत, तोलून नाही, त्यामुळे टांकसाळीला त्याची फिकीर नव्हती. चांदी थोडक्याच ठिकाणी निघे. सिरियातलं अँटिऑक, कॅपाडोशियातलं (आजच्या मध्य तुर्कस्तानातलं) सीझरिया आणि इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया ही त्यातली मोठी नावं, आणि अलेक्झांड्रियाच्या ‘चांदीत’ तांबंच जास्त.

पायरी दुसरी: चेहरा कुणाचा

अर्ध्या तासात शिकता येईल एवढीच अक्षरओळख पुरते. इंग्रजी पी सारखं दिसणारं अक्षर म्हणजे र. सी सारखं म्हणजे स. एच सारखं म्हणजे दीर्घ ए. एक्स सारखं म्हणजे ख. डब्ल्यूसारखं गोलसर दिसलं तर तो दीर्घ ओ. वाय म्हणजे उ आणि यु यांच्या मधला स्वर. त्रिकोण म्हणजे द, उलटा एल म्हणजे ग. बाकीची बरीचशी ओळखीच्या रूपातच भेटतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि लेख कडेने गोल फिरतो, तेव्हा साधारण डावीकडे खाली, घड्याळातल्या सातच्या ठिकाणी सुरुवात शोधा.

सुरुवातीला ‘औत काई’ अशी तुटक अक्षरं दिसली की निम्मं काम झालं. औतोक्रातोर काइसार, म्हणजे लॅटिनमधलं इंपेरातोर सीझर. शेवटी ‘सेब’ असेल तर सेबास्तोस, म्हणजे ऑगस्टस. राणी असेल तर सेबास्ते. मधल्या नावात मात्र फसगत होते. ‘अँतोनिनोस’ वाचून कुणी लगेच अँटोनिनस पायस म्हणेल, पण मार्कस ऑरेलियस, कॉमोडस, काराकॅला आणि एलॅगबलस या सगळ्यांच्या नावात तो शब्द आहे. इथे चेहरा बघायचा. कपाळाला आठ्या घालून रागाने बघणारा आखूड दाढीवाला दिसला तर तो बहुधा काराकॅला. शांत, लांबट चेहऱ्याचा दाढीवाला असेल तर पायस. चेहरे रोमहून आलेल्या नमुन्यांवरून कोरले जात, तरी गावच्या कारागिराचा हात दिसतोच. काही ठिकाणी नाव वाचल्याशिवाय सम्राट ओळखूच येत नाही.

आणि सम्राट नसेलच तर? थांबा, ही मोठी खूण आहे. अथेन्सने रोमन काळातही आपल्या नाण्यांवर कोणत्याही सम्राटाचा चेहरा घातला नाही. तिथे अथीना देवीच राहिली, आणि मागे कधी अक्रोपोलिसची टेकडी, वर जाणाऱ्या पायऱ्या, कड्यातली पॅन देवाची गुहा आणि वर उभी अथीनाची मूर्ती. जुन्या मोठ्या घराण्याने नव्या सुभेदाराकडे नजर न टाकता पुढे निघून जावं तसा हा तोरा. आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, दुसरी तऱ्हा दिसते. चेहऱ्याच्या जागी एक तरुण आणि भोवती ‘हिएरा सिंक्लेतोस’, पवित्र सिनेट. किंवा ‘देमोस’, म्हणजे गावची जनता. याचा अर्थ बंड नव्हे. त्याच गावची त्याच वर्षांतली दुसरी नाणी सम्राटाच्या चेहऱ्याचीच असतात, आणि अनेकदा चेहऱ्यावरून किंमत ओळखता यायची.

यहुदियातलं, म्हणजे जेरुसलेमच्या आसपासच्या ज्यू मुलखातलं, कारण आणखी वेगळं. येशूच्या खटल्यामुळे जगाला माहीत असलेला रोमन अधिकारी पिलात, त्याने इ. स. २९ ते ३१ मध्ये पाडलेल्या इवल्याशा नाण्यांवर चेहरा नाही, कारण ज्यू धर्मात मूर्तीला मज्जाव. पण चेहरा टाळून त्याने काय घातलं? रोमन पुरोहिताची वाकडी काठी आणि यज्ञातली पळी. लोकांचा नियम पाळला आणि खोडीही काढली. माझं मत विचाराल तर एवढ्याशा धातूवर राज्यकर्त्याचा स्वभाव इतका स्पष्ट क्वचितच उमटतो.

पायरी तिसरी: गाव कोणतं

मागच्या बाजूला ‘ओन’ने संपणारा शब्द शोधा. एफेसिऑन, स्मिर्नाइऑन, निकेऑन. ग्रीकमध्ये ही षष्ठी आहे: इफिससवाल्यांचं, स्मर्नावाल्यांचं, नाइसियावाल्यांचं. नाणं स्वतःला रोमचं किंवा सम्राटाचं म्हणवत नाही, ते गावकऱ्यांचं आहे असं सांगतं. हे एकच अक्षरद्वय मला या सगळ्या विषयाचं सूत्र वाटतं.

अडचण सारख्या नावांची. अँटिऑक, अपामेया, लाओडिकेया, मॅग्नेशिया ही नावं कैक गावांना होती. मग टांकसाळच खुलासा करते: मेआंडर नदीवरचं मॅग्नेशिया, सिपिलस डोंगराजवळचं मॅग्नेशिया. आपण नाही का बुद्रुक आणि खुर्द म्हणत. ‘एपि’ किंवा नुसतं ‘एप’ असा तुकडा दिसला तर त्यापुढचं नाव अधिकाऱ्याचं, म्हणजे त्याच्या कारकिर्दीत नाणं पडलं. आणि त्या नावापुढे ‘बीटा’ अक्षर असेल तर ‘दोन’: बापाचंही नाव तेच होतं. कधी खर्चही त्या माणसाने उचललेला असतो. सम्राट हेड्रियनचा लाडका अँटिनोउस इ. स. १३० मध्ये नाइलमध्ये बुडून मेल्यावर, स्मर्नाचा प्रसिद्ध वक्ता पोलेमोन याने त्याच्या चेहऱ्याची नाणी काढली. त्यावर स्वच्छ लिहिलंय की पोलेमोनने ही स्मर्नावासीयांना अर्पण केली. देणगीदाराचं नाव पाटीवर हवं, ही हौस तेव्हाचीच.

अक्षरं लॅटिन असतील आणि ‘कोल’ वाचता आलं तर ते रोमन वसाहतीचं शहर, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं. तिथे मागे बैलजोडी आणि नांगर धरलेला माणूस अनेकदा दिसतो. शेतकरी नव्हे तो. नव्या शहराची हद्द नांगराच्या पवित्र तासाने आखायचा रोमन विधी आहे तो. स्पेनमधल्या एमेरिता, म्हणजे आजच्या मेरिदाच्या नाण्यांवर तर ‘सीझर ऑगस्टसच्या परवानगीने’ असंच लिहिलंय.

पायरी चौथी: कोणत्या वर्षी

बहुतेक नाण्यांवर वर्ष नसतं, तेव्हा ही पायरी मुख्यतः सिरिया, पॅलेस्टाइन आणि इजिप्तच्या नाण्यांसाठी. तिथे वर्ष ग्रीक अक्षरांनी लिहितात, अल्फा एक, बीटा दोन, आयोटा दहा. पण कोणत्या घटनेपासून मोजलेलं वर्ष, हे गावागणिक बदलतं. रोमन सेनापती पाँपीने इ. स. पूर्व ६४-६३ च्या सुमारास सिरिया घेतला, तेव्हापासून काही गावं मोजत. अँटिऑक काही काळ ज्यूलियस सीझरपासून, इ. स. पूर्व ४९ पासून मोजे. हेड्रियन इ. स. १३० मध्ये भेटीला आला म्हणून गाझाने आपल्या जुन्या शकाशेजारी त्या भेटीपासूनचा नवा शकही सुरू केला. काळ कुणापासून मोजायचा हे गावाने निवडायचं, आणि ती निवड कृतज्ञता असते किंवा हिशेबी खुशामत.

इजिप्तची रीत सोपी, फक्त एक खोच आहे. सम्राटाच्या राज्यारोहणापासून वर्षं मोजतात, पण नवं वर्ष २९ ऑगस्टला सुरू होतं. हेड्रियन ११ ऑगस्ट ११७ ला सम्राट झाला. त्याचं पहिलं वर्ष जेमतेम अठरा दिवसांचं! २९ ऑगस्ट ११७ ला दुसरं वर्ष लागलं. म्हणून हेड्रियनच्या नाण्यावरच्या आकड्यात ११५ मिळवायचे, की ते वर्ष कोणत्या इसवी सनात सुरू झालं ते कळतं. अँटोनिनस पायस १० जुलै १३८ ला आला, त्याच्यासाठी १३६ मिळवा. आकड्याआधी इंग्रजी एलसारखी खूण असते, तिचा अर्थ ‘वर्ष’. नाइल देवाच्या चित्राशेजारी मात्र कधी दुसराच आकडा असतो, सोळा. तो पुराच्या पाण्याचा आहे. सोळा हात पाणी चढलं की पीक चांगलं.

पायरी पाचवी: मागचं चित्र

इथे सावकाश बसा.

आधी नेहमीची चित्रं बाजूला काढा. डोक्यावर तटबंदीचा मुकुट घातलेली स्त्री म्हणजे तिखे, शहराचं भाग्य, जवळपास ग्रामदेवता. ती इतक्या गावांवर आहे की तिच्यावरून फारसं काही ठरत नाही. अँटिऑकची तिखे मात्र ओळखता येते: खडकावर बसलेली, पायाशी ओरोंतेस नदी पोहणाऱ्या मुलाच्या रूपात. गरुड, विजयदेवता, हात मिळवणारे दोन हात हीही साचेबद्ध. प्रत्येक चित्रात राजकारण शोधत बसलात तर तुम्हाला ते सापडेल, आणि बरंचसं चुकीचं असेल.

देऊळ दिसलं तर खांब मोजा, पण त्यावर वास्तुशास्त्र रचू नका. कोरणारा जागेअभावी आठाचे चार खांब करतो आणि मधले दोन बाजूला सारून गाभाऱ्यातली मूर्ती दाराशी आणून ठेवतो. इफिससचं आर्तेमिसचं देऊळ असंच: खांबांच्या मधोमध ती ताठ उभी मूर्ती, छातीवर ओळीने गोलाकार लटकनं, दोन्ही बाजूंना हरणं. ग्रीक शिल्पातली आर्तेमिस म्हणजे आखूड वस्त्रातली शिकारी मुलगी. इफिससने ती न घेता आपलीच जुनी, परक्याला विचित्र वाटणारी देवी घातली. सायप्रसमधल्या पाफोसने तर देवळात मूर्तीच नाही, शंकूसारखा दगड दाखवला. ती त्यांची अफ्रोदिती. सिरियातल्या एमेसाचाही देव दगडच. शेंदूर लावलेल्या तांदळ्याला हात जोडणाऱ्या आपल्या डोळ्यांना हे समजायला युरोपियन विद्वानांइतकी शिकस्त करावी लागत नाही.

उलट टोकाला नीम, दक्षिण फ्रान्समधलं. ऑगस्टसच्या काळातलं तिथलं नाणं पुढून बघितलं तर दोन डोकी पाठीला पाठ लावून: ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा. मागे खजुराच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर. गॉलमध्ये मगर कुठली? ती इजिप्त आहे, ऑगस्टसने जिंकलेला. हे चित्र रोमचं, गावाने ते स्वतःचं केलं, आणि इतकं केलं की नीमच्या नगरचिन्हात ती मगर आजही झाडाला बांधलेली आहे. तेव्हा ‘सत्तेचं चित्र’ आणि ‘गावचं चित्र’ अशा दोन टोपल्या करून ठेवू नका.

माझं सर्वांत आवडतं नाणं अपामेयाचं. फ्रिजियातलं व्यापारी गाव, आज तुर्कस्तानातलं दिनार. तिसऱ्या शतकात, सेप्टिमियस सेव्हरसपासून पुढच्या काही सम्राटांच्या काळात, इथे एक मोठं काशाचं नाणं निघालं. पुढे नेहमीप्रमाणे सम्राट. मागे उजव्या अर्ध्यात पाण्यावर तरंगणारी चौकोनी पेटी, झाकण उघडं, आत एक पुरुष आणि एक स्त्री कमरेपर्यंत दिसतात. झाकणावर एक पक्षी. दुसरा पक्षी डहाळी घेऊन उडत येतोय. डावीकडे तेच जोडपं कोरड्या जमिनीवर, उजवा हात वर केलेला. आणि पेटीच्या लाकडावर तीन अक्षरं: नू, ओमेगा, एप्सिलॉन. नोए. म्हणजे बायबलमधला नोहा!

मूर्तिपूजक रोमन सम्राटाच्या पाठीवर ज्यूंच्या धर्मग्रंथातली गोष्ट कशी आली? दोन धागे जोडून बघायचे. अपामेयाचं टोपणनाव होतं ‘किबोतोस’, पेटारा, आणि नोहाच्या तारवाला ग्रीक बायबलमध्ये हाच शब्द आहे. दुसरं, या भागात ज्यू वस्ती जुनी. तिसऱ्या अँटिओकस राजाने दोन हजार ज्यू कुटुंबं लिडिया आणि फ्रिजियात आणून वसवल्याची नोंद इतिहासकार जोसेफसने दिली आहे. महापुरानंतर पेटी आपल्याच डोंगरावर टेकली, असा गावाचा दावा. गावाला जुनी, मानाची कथा हवी होती. ती कोणत्या धर्माची याने त्यांचं काही अडलं नाही. अशी कथा ओळखायची युक्ती एवढीच: चित्रात शेजारच्या कुठल्याच गावाकडे नसलेली वस्तू कोणती, ते आधी बघा.

स्मर्नाचंही तसंच. झाडाखाली झोपलेला पुरुष, मागे उभ्या दोन स्त्रिया. तो अलेक्झांडर, शिकारीनंतर चिनाराखाली झोपलेला, आणि स्वप्नात येऊन ‘इथे शहर वसव’ असं सांगणाऱ्या दोन नेमेसिस देवता. नेमेसिस दुसरीकडे एक, स्मर्नात दोन. मार्कस ऑरेलियसच्या काळात, अलेक्झांडरनंतर पाचशे वर्षांनी, हे नाणं निघतं. पुढे रोमन सम्राट आणि मागे असा विजेता, ज्याची बरोबरी करायची स्वप्नं रोमन सम्राट बघत.

पायरी सहावी: मानपान

आता नावाशेजारचे किताब वाचा. ‘नेओकोरोस’ शब्दाचा मूळ अर्थ देवळाचा राखणदार. रोमन काळात तो मान झाला: सम्राटपूजेचं प्रांतिक देऊळ ज्या शहरात, ते नेओकोरोस. इ. स. २६ मध्ये सम्राट टायबेरियसच्या देवळासाठी आशिया प्रांतातली (म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली) अकरा शहरं रोमच्या सिनेटपुढे भांडली आणि स्मर्ना जिंकलं. पुढे एकाचे दोन, दोनाचे तीन मान झाले. नाण्यावर ‘नेओकोरोन’पाशी बीटा असेल तर दोनदा, गॅमा असेल तर तीनदा. वर्ष नसलेल्या नाण्याचा काळ ठरवायला या आकड्याइतकं सोयीचं काही नाही.

इफिससने एलॅगबलसच्या काळात ‘सगळ्या शहरांत एकमेव, चार वेळा नेओकोरोस’ असं छापलं. २२२ मध्ये त्या सम्राटाला ठार मारलं, त्याच्या स्मृतीवर बंदी आली आणि इफिससचा आकडा गुपचूप चारावरून तीनावर उतरला. इफिससने ‘आशियात पहिले’ म्हटलं की स्मर्ना म्हणणार ‘आशियात पहिले, सौंदर्याने आणि आकाराने’. तार्ससने तर तीन अक्षरांत उरकलं: अल्फा, म्यू, कप्पा, पहिलं, सर्वांत मोठं, सर्वांत सुंदर. मानाचा पहिला कोण, ही चुरस आपल्याला समजावून सांगायला नको. स्मर्नाने एका ठरावात इफिससचे किताब गाळले म्हणून प्रकरण सम्राट अँटोनिनस पायसपर्यंत गेलं होतं, आणि साम्राज्य चालवणाऱ्या त्या माणसाने पत्र लिहून समजूत घातली की ते चुकून राहिलं असेल. समेट झाला की ‘होमोनोइआ’, म्हणजे एकोपा, या शब्दाची नाणी निघत, दोन्ही गावच्या देवता समोरासमोर. असं नाणं दिसलं तर आधी भांडण कशावरून झालं असेल ते शोधा.

पायरी सातवी: नंतर काय झालं

टांकसाळीतून निघाल्यावरही नाण्यावर लिहिलं जातंच. भिंग घेऊन पृष्ठभाग तिरप्या उजेडात धरा.

कॅरियातल्या स्ट्रॅटोनिकेआचं एक मोठं काशाचं नाणं बघा. काराकॅला आणि त्याचा धाकटा भाऊ गेटा समोरासमोर कोरलेले. २११ च्या डिसेंबरात काराकॅलाने भावाला मारवलं आणि त्याचं नाव, चेहरा सगळीकडून पुसायचा हुकूम निघाला. आज मिळणाऱ्या बऱ्याच नाण्यांवर काराकॅला समोर बघतोय तिथे फक्त खरवडलेली, ओबडधोबड जागा आहे. गेटाच्या नावाची अक्षरंही तासलेली. आणि शेजारी छोटे शिक्के मारलेत, एक शिरस्त्राण घातलेल्या डोक्याचा, एक ‘थेऊ’ या अक्षरांचा. खरवडून झालंय, आता चालवा, असं सांगणारे. कुणीतरी एकेक नाणं हातात घेऊन पटाशी चालवली असणार. झीज आणि खरवड यांतला फरक असा: झीज उंच भागावर समान असते, खरवड खोलगट असते आणि तिच्या रेषा एका दिशेने जातात.

वरून ठसा मारायची ही रीत आपल्याकडेही झाली. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा मिळाला, आणि त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नहपानाचं नाक आणि सातवाहनांची चिन्हं एकाच चकतीवर. एखादं पाहिलं असेल तर यहुदियातलं बंड समजायला वेळ लागणार नाही. १३२ ते १३५ मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या ज्यूंचा नेता बार कोखबा याच्या बंडखोरांनी चलनातली रोमन आणि प्रांतिक नाणी गोळा केली, आणि त्यांवरच नवे ठसे मारले: जेरुसलेमच्या पाडलेल्या मंदिराचं दर्शनी अंग, जुन्या हिब्रू लिपीतला लेख, ‘जेरुसलेमच्या मुक्तीसाठी’. ठोका नीट बसला नसेल तर अक्षरांखालून सम्राटाची हनुवटी अजून डोकावते. जेरुसलेमच्या जागी हेड्रियनने एलिया कॅपिटोलिना नावाची रोमन वसाहत वसवली. तिच्या नाण्यावर तीच वर सांगितलेली नांगराची जोडी.

पायरी आठवी: पडताळा

‘रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज’ हा ऑक्सफर्डमधून चालणारा मोठा कोश इंटरनेटवर फुकट आहे. गाव, सम्राट, मागचं चित्र किंवा लेखातली चार अक्षरं टाकून शोधता येतं. खंडाच्या आकड्यावरूनच काळ कळतो: पहिला खंड इ. स. पूर्व ४४ ते इ. स. ६९, दुसरा ९६ पर्यंत, तिसरा १३८ पर्यंत, चौथा १९२ पर्यंत. नाणं जवळ नसलं तरी इथल्या फोटोंवर सगळ्या पायऱ्या करता येतात, मी स्वतः बहुतेक तसंच शिकलो. दोन फोटो शेजारी ठेवून ठसे जुळवून पाहा: दाढीची तीच बट, अक्षरांमधलं तेच अंतर, तोच तडा. आशिया मायनरमध्ये कधी दोन वेगळ्या गावांच्या नाण्यांवर पुढचा ठसा एकच निघतो. म्हणजे ठसे कोरणारे कारागीर कंत्राटावर अनेक गावांचं काम करत. ‘स्थानिक’ शब्द सैलसर वापरायचा तो यासाठी.

विकत घेताना मात्र ठसा जुळणं पुरत नाही. मी एका प्रदर्शनात घेतलेलं नाणं घरी येऊन कोशातल्या फोटोशी ताडलं, तर ठसाच नव्हे, ओरखडेही तेच निघाले. ओतीव नक्कल. कडेची शिवण, पृष्ठभागावरचे सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, साबणासारखी गुळगुळीत अक्षरं, हे सगळं मी आधी बघायला हवं होतं. कायद्याचंही भान ठेवा. आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्यानुसार ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तुर्कस्तानातून फिरून येताना तिथल्या फेरीवाल्याकडचं ‘जुनं’ नाणं खिशात घालू नका. खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर विमानतळावर अडकाल.

सरावासाठी एक

अलेक्झांड्रियाचं काशाचं द्राख्मा, सुमारे ३३ मिलिमीटर, वीस ग्रॅमच्या वर. पुढे दाढीवाला, भरघोस केसांचा सम्राट, लेखात ‘आद्रिआ’ वाचता येतं. मागे अंगावरचं वस्त्र कमरेखाली घसरलेला दाढीवाला म्हातारा आडवा रेललाय, हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग. शेजारी एलसारखी खूण, मग आयोटा आणि एटा.

गावाचं नाव नाही, म्हणजे अलेक्झांड्रियाची रीत. सम्राट हेड्रियन. म्हातारा म्हणजे नाइल. आयोटा दहा, एटा आठ: वर्ष अठरावं. अठरात ११५ मिळवले, १३३. म्हणजे २९ ऑगस्ट १३३ ते २८ ऑगस्ट १३४. नाइलचा देव निवांत पहुडलाय, पीकपाणी ठीक आहे. त्याच वर्षी, सिनाईपलीकडे यहुदियात, कुणीतरी याच दाढीवाल्या चेहऱ्यावर हातोडा मारत होतं.